मेलेल्या बाईचा पहिला संवाद

हॅटी ओल्डरॉयड टीव्हीवर पहिल्यांदा मेली तेव्हा तिच्या वडिलांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. दुःखाने नव्हे, अभिमानाने. बॅटली गावात ट्रेव्हर ओल्डरॉयड यांचं पलंग आणि गाद्यांचं दुकान होतं. दाराच्या काचेवर त्यांनी ठळक अक्षरांत कागद लावला : 'आमची मुलगी रविवारी रात्री आठ वाजता कालव्यात सापडणार आहे.' तो वाचून कुणा सज्जनाने पोलिसांना फोन केला. पोलीस आले, कागद वाचला, कोणत्या वाहिनीवर ते विचारून घेतलं आणि जाता जाता एका डबल बेडचा भावही विचारला.

त्यानंतर हॅटी मरतच राहिली. उत्तर इंग्लंडात खुनाच्या मालिका इतक्या निघतात की तेवढे खून करायला तिथे माणसं पुरायची नाहीत. त्यामुळे मरणाऱ्या मुलीला कामाची ददात नसते. हॅटी चर्चच्या घंटाघरात सापडली, मेंढ्यांच्या गोठ्यात सापडली, क्रिकेटच्या मैदानावर रोलरखाली सापडली, आणि एकदा एका लॉर्डसाहेबांच्या फ्रीझरमध्ये, गोठवलेल्या मटारच्या पिशव्यांखाली. तिच्यासारखं निश्चल कुणाला पडता येत नसे. हे कसब घरचंच होतं. लहानपणी दर शनिवारी डॅड तिला दुकानाच्या काचेमागे गादीवर झोपवत. 'हलू नकोस हं बाळ, नाहीतर गिऱ्हाइकाला वाटेल गादी टोचते.' बाहेरची पोरं काचेवर टकटक करत, वाकुल्या दाखवत, आइस्क्रीमने बरबटलेलं नाक काचेला लावत. हॅटीची पापणी हलत नसे. त्या गाद्या मात्र खरोखरच टोचत.

शेजारच्या मिसेस हेप्लस्टन तिचा एकही मृत्यू चुकवत नसत. एपिसोड संपला की त्या कुंपणावरून आपलं मत कळवत.

"कालव्यातली छान मेली होतीस गं. या वेळी जरा तब्येत बरी वाटत होती तुझी."

"प्रकाशामुळे असेल, मिसेस हेप्लस्टन."

"असेल. पण गालावर लाली होती. मेल्यावर लाली कशाला?"

हे सगळं ठीक होतं, पण हॅटीला बोलायचं होतं. फार नाही, एक वाक्य. पडद्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जिथे जिथे ती मरून पडे तिथले सगळ्यांचे संवाद तिला पाठ असत. डोळे मिटून ती ऐकत राही आणि मनातल्या मनात इन्स्पेक्टरला, माळ्याला, विधवेला एक एक करून दुरुस्त करी. तिच्या पोटात संवादांचा एवढा साठा झाला होता की कधीकधी जेवण कमी जाई.

तिची कामं बघणारी मार्गो लंडनमध्ये बसायची आणि फोनवर बोलताना आल्याची बिस्किटं खायची.

"मार्गो, मला एक तरी बोलणारी भूमिका बघ ना."

"डार्लिंग, बोलणाऱ्या मुली इथे बस भरभरून उतरतात. मरणारी तू एकच. चालू धंद्याला कुणी लाथ मारतं का?"

"एका नर्सच्या भूमिकेसाठी मी स्वतःच जाऊन आले."

"मग?"

"ते म्हणाले, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. मी म्हटलं, मटारखाली. मग त्यांनी मला जरा वेळ डोळे मिटून बसायला सांगितलं."

"आणि?"

"पेशंटची भूमिका दिली. पहिल्याच दृश्यात जाते."

"बघ," मार्गो बिस्किट मोडत म्हणाली, "नाव झालंय तुझं."

अशात तिला 'इन्स्पेक्टर ड्रेकॉट' मिळालं. ही मालिका इतकी जुनी होती की सुरुवातीच्या एपिसोडमधले खुनी शिक्षा भोगून सुटले असते. इन्स्पेक्टरचं काम ऑब्री फेनविक करत. त्यांचे निळे डोळे देशाच्या ठेव्यात जमा होते, त्यामुळे त्यांना चष्मा लावायला बंदी होती. बंदी त्यांनीच घातली होती. दिग्दर्शक आणि निर्माता एकच, क्रिस्पिन हेल नावाचा मवाळ माणूस. त्याला एकच विशेषण येत असे, 'सुंदर', आणि तेवढ्यावर त्याचं आयुष्य छान चाललं होतं.

हॅटीची भूमिका होती मिस ॲबेल या बाईंची. गावच्या जत्रेत केकच्या स्पर्धेत त्या परीक्षक असतात. गावच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणजे व्हिकर, यांच्या बायकोला दुसरा नंबर देतात, आणि ती त्यांच्या चहात विष घालते. गावात सगळ्यांनाच ते जरा समजण्यासारखं वाटतं. मिस ॲबेल केकांच्या टेबलाखाली मरून पडतात, एक हात बाहेर. ऑब्रींनी चालत यायचं, टेबलक्लॉथ उचलायचा, खाली पाहायचं आणि म्हणायचं, 'मृत्यू जागच्या जागी झालेला दिसतो.'

ऑब्री चालत आले. टेबलक्लॉथ त्यांना दिसला, हात दिसला नाही. त्यांचा भक्कम इन्स्पेक्टरी बूट हॅटीच्या चार बोटांवर पडला.

"सॉरी," मढं म्हणालं.

"छे छे, माझंच चुकलं," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि सहायकाकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "मृत्यू जागच्या जागी झालेला दिसतो."

"कट," क्रिस्पिन म्हणाला. "सुंदर. पुढचं घेऊ."

टेबलाखाली हॅटीच्या अंगाला घाम फुटला. तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. ओल्डरॉयडांच्या घरात कुणाचा पाय कुणावर पडला तर ज्याचा पाय खाली सापडला त्याने आधी माफी मागायची, अशी रीत होती. बॅटलीत तीच रीत होती, आणि बॅटलीपलीकडे समुद्रापर्यंत जेवढं म्हणून इंग्लंड आहे त्यातही तीच. हॅटीची आई ग्लेनिस एकदा दुकानातल्या कपाटावर आदळून कपाटाला सॉरी म्हणाली होती, आणि कपाट काहीच बोललं नाही म्हणून दिवसभर मनाला लावून बसली होती. श्वास रोखता येतो, पापणी रोखता येते. पण हे रक्तातच असतं.

चहाच्या वेळी हॅटी क्रिस्पिनजवळ गेली.

"क्रिस्पिन, मघाशी माझ्याकडून जरा…"

"सुंदर होतं."

"नाही, म्हणजे तो मधलाच आवाज…"

"आवाजही सुंदर होता."

तो इतका गोड हसला की हॅटीची खात्री पटली : याला कळलंय, पण हा सभ्य आहे, म्हणून बोलत नाहीये. मग आपण बोलून त्याला अवघडून टाकणं बरं दिसणार नाही. तेवढ्यात ऑब्री कप घेऊन आले.

"तुझी बोटं कशी आहेत गं?"

"छान आहेत. सॉरी हं, हात जरा बाहेर आला होता."

"अगं, मीच सॉरी."

"नाही, खरंच, मीच."

यात चहाची सुट्टी संपली. म्हणजे बोटं आपल्या पायाखाली आली हे ऑब्रींना ठाऊक होतं, माफी मागितली हेही ठाऊक होतं. ती बाई मेलेली होती, एवढंच त्यांच्या हिशेबात नव्हतं.

हॅटीने मार्गोला फोन केला. पलीकडे बिस्किट चावण्याचा आवाज थांबला. मार्गोच्या बाबतीत ही धोक्याची घंटा होती.

"डार्लिंग, आत्ता कुणाच्या लक्षात आलं नसेल. टीव्हीवर आलं की येईल. बोलणारं मढं कोण घेणार? त्यापेक्षा रबराची बाहुली आणतील. तिला जेवणही लागत नाही."

म्हणजे प्रकार असा झाला होता : हॅटी आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर बोलली होती, आणि तो शब्द कुणाच्याही कानावर पडू नये अशी प्रार्थना करायची वेळ तिच्यावर आली होती. पडला तर बोलणं दूरच, मरणंही हातचं जाणार. उरल्या गाद्या.

प्रसारणाचा रविवार उजाडला. ओल्डरॉयडांच्या बैठकीत नेहमीचे लोक जमले : डॅड, मम, आणि आपली खुर्ची आपणच घेऊन आलेल्या मिसेस हेप्लस्टन. हॅटी दाराजवळ उभी राहिली, पळायला सोपं म्हणून. जत्रा झाली, केक झाले, चहा झाला. ऑब्री चालत आले. बूट पडला.

'सॉरी,' टीव्हीतून स्पष्ट ऐकू आलं. 'छे छे, माझंच चुकलं.'

हॅटीने डोळे मिटले.

"बघून पाय टाकायला काय होतं या माणसाला," मम म्हणाली.

"माफी मागितली ना त्याने," डॅड म्हणाले. "अजून काय करणार?"

"तिने आधी मागितली," मिसेस हेप्लस्टन म्हणाल्या. "वळणाची पोर आहे." मग जरा निरखून, "आज चांगली मेलीयेस हं. लाली अजिबात नाही."

हॅटीने डोळे उघडले. तिघंही तल्लीन होऊन पाहत होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ऑब्रींच्या डोळ्यांचं कौतुक केलं, केकचं केलं, आणि एकाने 'मृतदेह विलक्षण मृत' असंही लिहिलं. ध्वनी जुळवणाऱ्यांनी ते ऐकलं होतं, संकलकाने ऐकलं होतं, वाहिनीच्या साहेबांनी ऐकलं होतं, आणि आता लाखो लोकांनी ऐकलं होतं. एका बाईच्या हातावर पाय पडला, बाई सॉरी म्हणाली. यात खटकण्यासारखं साऱ्या देशात कुणालाच काही सापडलं नाही. हॅटीचा जीव भांड्यात पडला. आणि रात्री अंथरुणावर, भांड्यात पडलेल्या त्या जिवाला हळूच वाईटही वाटलं. तिचा पहिला शब्द, आणि तो कुणी ऐकलाच नव्हता.

मग मालिका डेन्मार्कमध्ये लागली.

डेन्मार्कच्या वाहिनीवरून बोदिल नावाच्या बाईंचा क्रिस्पिनला फोन आला. त्यांनी हवापाण्याची चौकशी केली नाही, त्यामुळे क्रिस्पिनला आधी वाटलं की कुणीतरी दगावलं असावं. बोदिलबाईंनी एवढंच विचारलं : ती केकखालची बाई नेमकी मेली कधी? कारण पोलिसांशी बोलेपर्यंत तरी ती जिवंत होती.

चार दिवसांनी हॅटीला लंडनला चहाला बोलावलं. चहाला बोलावलं म्हणजे बातमी वाईट असणार, हे मार्गोने आधीच सांगून ठेवलं होतं. खोलीत क्रिस्पिन होता, ऑब्री होते, मार्गो होती, बिस्किटांची बशी होती, आणि टेबलाच्या मधोमध एक फोन होता. त्या फोनमध्ये बोदिलबाई होत्या.

क्रिस्पिनने ते दृश्य लावलं. सगळ्यांनी पाहिलं.

"मला तर यात काही गैर दिसत नाही," क्रिस्पिन म्हणाला. पुन्हा लावलं. "बघा ना. ऑब्री येतात, हिच्या हातावर पाय देतात, ही सॉरी म्हणते, मग ते…"

तो थांबला. खोलीत कुणीतरी कप खाली ठेवला.

"तेच," फोन म्हणाला.

मग सुरुवात झाली. क्रिस्पिन म्हणाला, सॉरी, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ऑब्री म्हणाले, सॉरी, पाय माझा होता. मार्गो म्हणाली, सॉरी, मुलगी माझी आहे. हॅटी सगळ्यांनाच एकत्र सॉरी म्हणाली. चहा घेऊन आलेला माणूस कशाबद्दल ते न विचारता सॉरी म्हणून बाहेर गेला.

"झालं का तुमचं?" बोदिलबाईंनी विचारलं. "आता ऐका. आमच्याकडे सगळा देश त्या बाईबद्दल विचारतोय. एक जिवंत बाई टेबलाखाली पडलेली आहे, पोलीस तिच्याशी दोन शब्द बोलतात आणि मग तिला पुरतात. शाळांमध्ये यावर चर्चा ठेवल्यात. लोक म्हणतात, इतकं धीट लेखन फार दिवसांत पाहिलं नव्हतं."

"आणि बाकीची मालिका?" ऑब्रींनी विचारलं.

"बाकीची लांबली जरा."

ऑब्रींनी आपले निळे डोळे बिस्किटांकडे वळवले.

"थोडक्यात," बोदिलबाई म्हणाल्या, "मिस ॲबेल परत येत असतील तर पुढचं वर्ष आम्ही विकत घेऊ. नसतील तर नाही."

मालिकेचा निम्मा खर्च डेन्मार्कच्या जिवावर चाले. क्रिस्पिनच्या चेहऱ्यावर आधी ढग आले, मग ऊन पडलं. "येतील की," तो म्हणाला. "कबरीतून येतील. सरळ पोलीस ठाण्यात, स्वतःच्या खुनाची तक्रार घेऊन. ड्रेकॉटना तोंड लपवायला जागा राहणार नाही. मग दर आठवड्याला दोघं मिळून गुन्हे शोधतील. मोठी भूमिका होईल. सुंदर." मग तो हॅटीकडे वळला आणि त्याचा आवाज दवाखान्यातल्यासारखा झाला. "हॅटी, तू जे केलंस ते अतिशय सुंदर होतं. पण कसं आहे, आता भूमिकेला संवाद आलेत. तर आम्ही अरबेला व्हेनचा विचार करतोय."

अरबेला व्हेन नुकतीच कुठल्याशा चित्रपटात राणी झाली होती आणि गादीवरून उतरल्यापासून रिकामीच होती.

"पण चेहरा वेगळा नाही का दिसणार?" ऑब्रींनी विचारलं.

"आठवडाभर पुरलेली बाई. थोडा फरक पडणारच."

सगळ्यांनी हॅटीकडे पाहिलं. अशा वेळी काय म्हणायचं असतं हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. 'हो हो, अगदी बरोबर, सॉरी, तुम्हाला उगाच सांगायची वेळ आली.' मार्गोने बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली, म्हणजे नंतर तोंडात टाकायला काहीतरी असावं. हॅटीच्या घशात ते वाक्य तयार होतं. तिने तोंड उघडलं. तिला कालवा आठवला, फ्रीझर आठवला, रोलर आठवला. एवढी वर्षं ती जमिनीवर पडून होती आणि लोक तिच्या अंगावरून बोलत होते. आता ती बाई उठणार होती, आणि उठताना दुसरीच कुणीतरी होणार होती.

"नाही," हॅटी म्हणाली.

मार्गोचं बिस्किट चहात पडलं. त्या खोलीत हा शब्द कुणी उच्चारल्याचं भिंतींनाही आठवत नव्हतं. तिथे लोक फार तर 'बघू' म्हणत.

"नाही म्हणजे… विचार करून सांगतेस?" क्रिस्पिनने तिला मदत केली.

"नाही म्हणजे नाही. मिस ॲबेल मी आहे. पहिला शब्द माझा होता, पुढचेही मीच बोलणार. पटत नसेल तर आत्ता इथे पारखून घ्या."

"अगं, पण अजून काही लिहिलेलंच नाहीये."

"ते मी बघते. मिस्टर फेनविक, तुम्ही ठाण्यात बसा."

ऑब्रींनी क्रिस्पिनकडे पाहिलं, क्रिस्पिनने फोनकडे पाहिलं, फोन काही बोलला नाही. तेव्हा ऑब्री उठून टेबलाच्या टोकाशी बसले, खांदे ताठ केले, आणि त्यांचा इन्स्पेक्टर झाला. हॅटी खोलीबाहेर गेली. दार लावलं. दारावर टकटक केली.

"या," इन्स्पेक्टर म्हणाले. "काय काम आहे?"

"तक्रार द्यायची आहे. माझ्या खुनाबद्दल."

"नाव?"

"ॲबेल."

"ते प्रकरण मिटलंय, मॅडम. व्हिकरच्या बायकोने कबुली दिलीय."

"तिने दिली. मी दिलेली नाही."

"तुम्ही? तुमचा काय संबंध?"

इथे मार्गो खुदकन हसली आणि लगेच तिने रुमाल तोंडाशी धरला. हॅटीने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने खोल श्वास घेतला. श्वास रोखून पडणं हाच तिचा धंदा होता, त्यामुळे तिच्या छातीत हवेची जागा चांगली दोन माणसांची होती.

"माझा संबंध असा इन्स्पेक्टरसाहेब," ती म्हणाली, "की तुम्ही माझ्या बोटांवर उभे राहिलात आणि मी तुमची माफी मागितली, तुम्ही माझी मागितलीत, आणि त्यानंतर तुम्ही माझ्या अंगावरून हात लांब करून लिंबाचा केक चाखलात, तोंडाने छान म्हणालात, मला मात्र काही विचारलं नाहीत, तुम्ही माळ्याला विचारलंत, पोस्टमनला विचारलंत, डॉक्टरांना विचारलंत, डॉक्टरांच्या कुत्र्याला विचारलंत आणि त्याच्या उत्तराची वाट पाहिलीत, आणि मी तिथेच होते, सगळ्यात जवळची मीच होते, माझा चहा कुणी ओतला हे या गावात मला एकटीला ठाऊक होतं, पण मला कुणी विचारलं नाही कारण मी टेबलाखाली पडले होते, आणि टेबलाखाली पडलेल्या बाईला काही सांगायचं असेल हे कुणाच्या मनात आलं नाही, मग मला उचललंत, पेटीत घातलंत, व्हिकरसाहेब माझ्याबद्दल पाऊण तास बोलले आणि त्यातलं माझं नावसुद्धा बरोबर नव्हतं, आणि मी वरून माती पडेपर्यंत वाट पाहत राहिले, कारण मधेच बोलणं बरं दिसत नाही असं मला लहानपणापासून शिकवलंय, तर आता मी बाहेर आलेय, माझे बूट चिखलाने भरलेत, मला एक खुर्ची हवीय, एक कप चहा हवाय, त्यात विष नको, आणि तुम्ही पेन घ्या, कारण मी बोलणार आहे, आणि मी थांबेपर्यंत या ठाण्यातून कुणीही घरी जाणार नाही."

तिने श्वास घेतला. एवढ्या बोलण्यात तो पहिलाच होता.

ऑब्रींनी तोंड उघडलं. एवढी वर्षं त्यांना प्रत्येक उत्तर कुणीतरी टंकून दिलं होतं. त्यांनी टेबलावर हात फिरवला, पेन शोधलं, ते त्यांच्या नाकासमोर होतं, आणि तरी त्यांच्या हाताला कपाची बशीच लागली.

"मिस ॲबेल," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "मला तुमचा हात दिसला नाही हो. मला चष्मा लागतो."

हे इन्स्पेक्टर म्हणाले की ऑब्री फेनविक, कुणालाच कळलं नाही. हॅटीने खुर्ची ओढली, त्यांच्या शेजारी बसली, पेन उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. "मग लावा," ती म्हणाली. "तुमच्या डोळ्यांना काही होत नाही. लिहा."

क्रिस्पिनने 'सुंदर' म्हणायला ओठांचा चंबू केला आणि परत मिटला. तो शब्द त्याने आजवर पावालाही वापरला होता, पार्किंगलाही वापरला होता. आता खरोखर गरज पडली तेव्हा त्यात काही उरलंच नव्हतं.

"हॅलो," फोन म्हणाला. "ही कोण बोलत होती?"

"हॅटी ओल्डरॉयड," क्रिस्पिन म्हणाला. "म्हणजे, मूळची… मृतदेह."

"मला इथून काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं," बोदिलबाई म्हणाल्या. "तेवढं पुरे. आम्हाला हीच हवी." आणि निरोप न घेता त्यांनी फोन ठेवला. कुणालाही त्यात उद्धटपणा वाटला नाही, यावरून खोलीची अवस्था समजावी.

पुढचं सगळं भराभर झालं. लेखकाने हॅटीचं ते बोलणं जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि खाली आपलं नाव घातलं. मार्गोने त्याला फोन केला, बिस्किट न खाता, आणि त्याचं नाव निघालं. ऑब्रींनी पहिल्याच एपिसोडला चष्मा लावला. वर्तमानपत्रांनी लिहिलं की निळे डोळे आता आणखी मोठे दिसतात, त्यामुळे तेही खूश झाले. अरबेला व्हेनला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून तिला पहिल्या एपिसोडचा मृतदेह दिला. राणी मोठ्या मनाने पडली, पण तिच्या पापण्या सारख्या फडफडत. तेव्हा हॅटी तिच्या शेजारी गवतात आडवी झाली आणि कानात म्हणाली, "टोचणाऱ्या गादीवर झोपलीयेस असं समज. आणि ते गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही." राणीसाहेब जागच्या जागी गार पडल्या.

नव्या मालिकेचा पहिला रविवार आला. ओल्डरॉयडांच्या बैठकीत या वेळी पाय ठेवायला जागा नव्हती. डॅडनी दुकानातून गाद्या आणून जमिनीवर टाकल्या होत्या आणि गल्लीतले लोक त्यांवर दाटीवाटीने बसले होते. हॅटी या वेळी दाराजवळ उभी राहिली नाही. दारात माणसं होती. ती ममच्या शेजारी, खुर्चीच्या हातावर बसली.

"खरं सांगू का," मिसेस हेप्लस्टन सुरुवातीलाच म्हणाल्या, "मला तू मेलेलीच बरी वाटायचीस. हे बोलणं-बिलणं जमेल ना?"

"बघा तुम्हीच."

पडद्यावर ठाण्याचं दार उघडलं. चिखलाने भरलेले बूट आत आले. 'माझा संबंध असा इन्स्पेक्टरसाहेब,' हॅटी म्हणाली, आणि बैठकीतली हॅटी तिच्याकडे पाहत राहिली. पडद्यावरच्या बाईचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा खालचा होता, थोडा घोगरा, बॅटलीचाच. कुणीही खोकलं नाही. ममने तिचा हात धरला होता आणि बोटं दुखतील इतका दाबला होता. हॅटीने काहीच म्हटलं नाही, सॉरीसुद्धा नाही. दाबू दिला.

'मी थांबेपर्यंत या ठाण्यातून कुणीही घरी जाणार नाही.' पडदा काळा झाला आणि जाहिराती लागल्या.

जाहिराती लागल्या की बॅटलीतल्या साऱ्या विजेच्या किटल्या चहासाठी एकदम चढतात आणि घरोघरचे दिवे क्षणभर मंद होतात. ओल्डरॉयडांच्या गल्लीत या दिव्यांवर लोक घड्याळं लावतात. त्या रविवारी दिवे मंद झाले नाहीत. गल्लीत कुठल्याच घरात कुणी उठलं नव्हतं. सगळे तसेच बसून होते, जणू परवानगी मिळालेली नाही.

अखेर मिसेस हेप्लस्टन गुडघ्यांवर हात देऊन अर्धवट उठल्या. "मी जरा किटली…"

"बसा हो," डॅड कुजबुजले. त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "आमची मुलगी बोलतेय."

पडद्यावर तेव्हा एक टक्कल पडलेला माणूस ग्रेव्हीच्या पावडरचे गुण सांगत होता. मिसेस हेप्लस्टननी एकदा त्या माणसाकडे पाहिलं, एकदा डॅडकडे पाहिलं, आणि त्या परत खाली बसल्या.